आठवणीची बॅट

“तोकुजीचं काळीज त्याच्या वस्तऱ्याहून थंड आहे,” असं आमच्या तोगिहामा या बंदरगावात सगळे म्हणत. बाकीचे हळू आवाजात म्हणत. त्यांच्या न्हाव्याच्या दुकानाशेजारी माशाच्या वड्या तळणारी हात्सुए मावशी मात्र कढईवरची नजर न काढता, पण भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. कुणी असंही म्हणे की ज्याला स्वतःचं मूल नाही त्याला दुसऱ्याच्या पोरांची माया कुठून कळणार. हे बोलणं सुमिए काकूंच्या, म्हणजे तोकुजी काकांच्या पत्नीच्या कानावर गेलं की त्या दुकानातले टॉवेल जरा जास्तच ताठ घड्या घालून ठेवत.

बोलणाऱ्यांना बोलायला जागा होती. आमच्या शाळेचा बेसबॉलचा संघ दर जुलैमध्ये मात्सुयामाला प्रांताच्या स्पर्धेत खेळायला जाई आणि बहुतेक वर्षी पहिल्या नाहीतर दुसऱ्या सामन्यात हरून येई. हरणं ठरून गेलं, शेवटचा डाव आला, की प्रशिक्षक तिसऱ्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या, वर्षाच्या एखाद्या मुलाला हाक मारत. तीन वर्षं ज्याने बाकावर बसून काढली, चेंडू वेचले, पाण्याच्या किटल्या भरल्या, आणि जो एकदाही सामन्यात उतरला नाही, असा मुलगा. त्याला एकदा फलंदाजीला उभं करायचं. पुढे नोकरीला लागल्यावर, बायकोपोरांत बसून सांगायला काहीतरी असावं म्हणून. आमच्याकडे याला ‘आठवणीची बॅट’ म्हणतात. ती वेळ आली की प्रेक्षकांत बसलेल्या आया पदराऐवजी गळ्यातल्या टॉवेलाने डोळे पुसत, समोरच्या संघाचे लोकही टाळ्या वाजवत, आणि नेमके त्याच वेळी तोकुजी काका उठत. मैदानाकडे पाठ करून पायऱ्या उतरत आणि मागच्या नळाखाली डोकं धरून उभे राहत. तो मुलगा बाद होऊन परतल्याशिवाय ते वर येत नसत.

आणि हाच माणूस एरवी संघाचा सर्वांत वेडा चाहता होता. सरावाचा एक दिवस चुकवत नसे. सामन्याआधी सगळ्या मुलांची डोकी त्यांच्याच खुर्चीत सफाचट होत. कुणाच्या टाळूवर कुठे भोवरा आहे हे त्यांना पाठ होतं. म्हणूनच लोकांना त्यांचं ते उठून जाणं जास्त लागे.

त्याचं कारण १९८३ सालच्या जुलैत होतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि हात्सुए मावशीच्या शेजारी बसलो होतो, त्यामुळे जे झालं ते मला दिसलं. त्याचा अर्थ समजायला मात्र बरीच वर्षं गेली.

तोकुजी काका त्या वेळी चौतिशीचे. संघाच्या समर्थक मंडळाचे प्रमुख, गळ्याला शिट्टी, आवाज असा की बंदरातल्या बोटीवरून हाक आली असं वाटावं. दुसऱ्या फेरीचा सामना होता. नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावात आम्ही चार विरुद्ध एक असे मागे होतो, दोघे बाद झाले होते, तिसरा गेला की सामना संपणार होता आणि एकाही बेसवर आमचा माणूस नव्हता. फलंदाजीची पाळी पहिल्या वर्षाच्या एका मुलाची होती. तो उजव्या टोकाला क्षेत्ररक्षण करी, बरा खेळे. तो बॅट घेऊन निघालाही होता. तेवढ्यात तोकुजी काका खेळाडूंच्या बाकाशेजारच्या जाळीवर चढले.

“दोई सर! कात्सुमीला पाठवा! तीन वर्षं पोरगं चेंडू वेचतंय!”

दोई सर म्हणजे तेव्हाचे प्रशिक्षक. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग हात्सुए मावशी ओरडली, “सर, एवढं तरी पुण्य पदरात घ्या की!” आणि पाहता पाहता सगळा जमाव एका सुरात ‘कात्सुमी, कात्सुमी’ करू लागला. दोई सरांनी वर पाहिलं. टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली आणि बाकाच्या टोकाकडे हात केला.

काजिवारा कात्सुमी हा मासळी बाजारात बर्फ फोडणाऱ्या बाईचा मुलगा. किडकिडीत, कान मोठे, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नाही. त्याला शिरस्त्राण सापडेना. कुणीतरी आपलं दिलं, ते त्याच्या डोळ्यांवर येऊ लागलं. तो उभा राहिला आणि त्याने बॅट हलवलीच नाही. समोरचा गोलंदाज थकला होता, किंवा त्यालाही दया आली असेल. चार चेंडू बाहेर गेले आणि नियमाप्रमाणे कात्सुमीला पहिला बेस फुकट मिळाला. लोक रडत होते आणि हसतही होते. आठवण झाली, आता सामना संपायला हरकत नव्हती.

पण सामना संपला नाही. पुढच्या मुलाने चेंडू मारला. त्याच्या पुढच्याने मारला. मग आमच्या कप्तानाने असा टोला दिला की चेंडू डाव्या भिंतीवर आदळला आणि तिघे धाव पुरी करून ‘घरी’, म्हणजे फलंदाजाच्या बेसवर, परत आले. त्यांत कात्सुमी पहिला. त्याला घसरावं लागलं नाही, उभ्याउभ्याच आला. त्याचा गणवेश सकाळी आईने इस्त्री केला तसाच पांढरा होता. चार-चार बरोबरी. तोगिहामाचे लोक बाकांवर नाचत होते, तोकुजी काकांची शिट्टी थांबत नव्हती. त्या गोंधळात एकट्या दोई सरांचा चेहरा उतरलेला होता, हे मला नंतर एका जुन्या फोटोत दिसलं.

बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू परत आत येत नाही. पहिल्या वर्षाचा तो मुलगा बाहेर गेला होता. आता बरोबरीमुळे वाढलेल्या दहाव्या डावात उजव्या टोकाला कुणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि राखीव म्हणून जे दोघे उरले होते ते दोघेही गोलंदाज.

कात्सुमी दुसऱ्याचा हातमोजा घालून धावत गेला. इतर आठ जणांच्या अंगावर नऊ डावांची माती होती; तो लांब, हिरव्या गवतात, एकटा पांढरा. आमच्या गोलंदाजाने दोघांना बाद केलं. दोन बेसवर दोघे समोरचे होते. मग एक चेंडू उंच उडाला, उजवीकडे. साधा चेंडू. सरावात असे त्याने शेकडो वेचले असतील, पण वेचले होते, जमिनीवरून. कात्सुमी दोन पावलं पुढे आला. थांबला. डोळ्यांवर हात धरला, कारण ऊन समोरून होतं. मग मागे वळला. चेंडू त्याच्या मागे, तीन हातांवर पडला.

आम्ही सहा विरुद्ध चार हरलो.

गाव त्याला वाईट बोललं असतं तर कदाचित बरं झालं असतं. गाव त्याच्याशी चांगलं वागलं. जो भेटेल तो म्हणे, “असू दे रे, कात्सुमी.” टपालवाला म्हणे, बोटीवरचे लोक म्हणत, देवळातले पुजारीबुवा म्हणत. हात्सुए मावशी तो दिसला की गरम वडी कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबायची, “खा बाळा, होतं असं.” सप्टेंबरपासून तो पुढच्या रस्त्याने यायचा बंद झाला, संत्र्यांच्या गोदामामागून, कुत्र्यांच्या वाटेने घरी जाऊ लागला. मार्चमध्ये शाळा संपली आणि तो नागोयाकडे मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला. संघातली सगळी मुलं गाव सोडण्याआधी तोकुजी काकांकडे केस कापून घेत. तो आला नाही.

तोकुजी काकांनी मंडळाचं प्रमुखपद सोडलं. शिट्टी कुठे टाकली कुणाला ठाऊक. आणि त्यानंतर कधीतरी तो त्यांना दिसू लागला.

हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं. काकूंनी माझ्या आईला सांगितलं, “कुणाला सांगू नका” असं बजावून. म्हणजे गावात ते सगळ्यांना ठाऊक झालं. त्यांच्या दुकानातला आरसा रस्त्याकडे तोंड करून आहे. खुर्चीत गिऱ्हाईक असतं, त्याच्या कानामागे वस्तरा चालू असतो, आणि आरशात, गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून, रस्त्यापलीकडे एक पोरगा उभा असतो. पांढरा स्वच्छ गणवेश. डोळ्यांवर आडवा हात. वळून पाहावं तर टपालपेटी आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले मासे. रोज नाही. ऊन कलताना, आणि मे ते ऑगस्ट फार.

“तुम्ही डोळे तपासून घ्या,” काकू म्हणाल्या होत्या.

“डोळे चांगले आहेत.”

“मग तो काय मेलाय का, दिसायला? नागोयात जिवंत आहे चांगला. पगार घेतोय.”

“म्हणूनच,” काका म्हणाले. “मेलेल्याला निरोप देता येतो.”

बावीस वर्षांनी कात्सुमी एकदा आला. त्याची आई वारली होती. अंत्यविधी उरकला, आणि दुपारच्या बसला तासभर होता तेव्हा तो दुकानाचं दार सरकवून आत आला. चाळिशीचा माणूस, काळा सूट, कान तेवढे तसेच. काकू मागे टॉवेलांच्या घड्या घालत बसल्या होत्या. पुढचं त्यांच्याच तोंडचं.

“मानेवरचे तेवढे काढा, काका.”

काकांनी कापड बांधलं. मानेवरून कात्री फिरली. मग काकांनी कात्री खाली ठेवली.

“त्या दिवशी ओरडला तो मी होतो.”

“माहितेय. आवाज ओळखला होता.”

“मला वाटलं होतं…”

“तुम्हाला माझं भलं वाटलं होतं,” कात्सुमी आरशात पाहत म्हणाला. “सगळ्यांनाच वाटलं होतं. मला कुणी विचारलंच नाही, काका. मला चेंडू वेचायला आवडायचं. शंभर टाकले तर शंभर परत आणायचो. दोई सर म्हणायचे, चेंडू मोजायला नकोत, कात्सुमी आहे. मला ते पुरत होतं.”

काकांनी त्याच्या मानेवरचे केस झटकले आणि कापड सोडलं.

“आमच्या कारखान्याला छत आहे,” तो उठताना म्हणाला. “बरं असतं.”

तो गेला. काकूंना वाटलं, चला, बोलणं झालं, आता तरी हे संपेल. दुसऱ्या दिवशी ऊन कललं तेव्हा काकांनी एका गिऱ्हाइकाची मान अर्धी ठेवून आरशावर टॉवेल टाकला. कापताना आरसा झाकणारा हा जगातला पहिलाच असेल, असं ते गिऱ्हाईक गावभर सांगत फिरलं.

मी त्या वेळेपर्यंत ओसाकात स्थिरावलो होतो. ऑगस्टमध्ये, पितरांच्या दिवसांत, गावी जाणं होई आणि केस तोकुजी काकांकडे कापणं होई, एवढाच संबंध. पुढे आमची शाळा बंद करायचं ठरलं. मुलंच उरली नव्हती. पुढच्या वसंतापासून ती डोंगरापलीकडच्या शाळेत विलीन होणार होती. म्हणजे त्या जुलैची स्पर्धा ही तोगिहामाच्या नावाची शेवटची. एक तरी सामना जिंकून नाव पुसलं जावं, एवढीच गावाची इच्छा होती, आणि ती इतकी प्रबळ होती की माझ्यासारखे लांब गेलेले लोकही रजा टाकून निघाले.

संघात एकूण तेरा मुलं. त्यांतल्या बारा जणांनी कधी ना कधी सामना खेळला होता. उरला तो योशिनारी इबुकी, तिसऱ्या वर्षाचा. हात जड, पाय हलके. चेंडू क्वचित लागायचा, पण पळायचा वाऱ्यासारखा. त्याच्या जागेवर, उजव्या टोकाला, पहिल्या वर्षाचा रेन नावाचा मुलगा होता आणि रेन खरोखर चांगला होता. एकोणतिशीचे ओनिशी सर प्रशिक्षक होते. गणित शिकवत, आणि शाळकरी असताना याच संघात खेळलेले. सामन्याच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी, दुकान बंद असताना त्यांनी दार ठोठावलं.

“काका, एक विचारायचं होतं. इबुकीचं.”

“सोमवार आहे.”

“म्हणूनच आलो. बाकीच्या दिवशी भिंतीपलीकडे मावशी असते.”

काकांनी त्यांना आत घेतलं. सर म्हणाले, इबुकीची आई, कप्तान, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांचं म्हणणं एकच आहे: शेवटच्या डावात त्याला आठवणीची बॅट द्यावी. त्यांचा स्वतःचाही विचार तोच आहे. पण गावातून तोकुजी काकांबद्दल ते लहानपणापासून ऐकत आलेत, तर एकदा विचारून घ्यावं.

“त्याला विचारलंस?”

“कुणाला?”

“ज्याला देणार आहेस त्याला.”

“तसं कुणी विचारतं का, काका? ती तर… अचानक द्यायची गोष्ट असते.”

“शनिवारी पोरांना डोकी करायला पाठव,” काका म्हणाले. “त्याला शेवटी बसव.”

शनिवारी बारा डोकी झाली. मुलं बाहेर मावशीच्या कढईभोवती घोंगावत होती. इबुकी खुर्चीत बसला. टाळूवर दोन भोवरे. काकांनी यंत्र चालू केलं आणि गोंगाटातच विचारलं, “तुला खेळायचंय का?”

“अं?”

“ऐकू आलं तुला.”

पोराने मान खाली घातली. मग म्हणाला, “खेळायचंय. पण हरल्यावर नको.” आणि जरा थांबून, “माझी आई सगळ्यांना सांगत फिरतेय, कॅमेरा घेतलाय म्हणे. शेवटच्या डावात उतरवतील म्हणून. मला नाही आवडत, काका. मी उतरलो म्हणजे आपण हरलो, असंच ना ते? सगळे माझ्याकडे बघून रडणार.”

“मग केव्हा खेळायचंय?”

“पहिल्यापासून,” तो म्हणाला, आणि आपणच लाजून हसला. “ते शक्य नाही, माहितेय. रेन आहे.”

काकांनी यंत्र बंद केलं. त्या दिवशी ते दुकान उघडं टाकून शाळेपर्यंत चालत गेले. इतक्या वर्षांत शाळेच्या कुठल्याही माणसाला त्यांनी खेळाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. ओनिशी सरांना ते एवढंच म्हणाले, “द्यायची तर पहिल्या डावात दे. निकाल लागायच्या आधी मिळते ती संधी. नंतर मिळतो तो निरोप. आणि देणार नसशील तर शेवटपर्यंत देऊ नकोस. पोरगं किटल्या चांगल्या भरतं.”

ओनिशी सर दोन दिवस झोपले नाहीत, असं ते स्वतः सांगत. सामन्याच्या सकाळी मोठ्या फलकावर नावं लागली तेव्हा आमच्याकडच्यांनी ती दोनदा वाचली. नवव्या क्रमांकावर, उजव्या टोकाला: योशिनारी.

“हे काय?” हात्सुए मावशी उभी राहिली. “रेन कुठाय? रेनला ताप आलाय का?”

“नाही, तो बघा, बाकावर बसलाय,” कुणीतरी म्हणालं.

“अहो, शेवटची स्पर्धा आहे ही! सर गणिताचे असून एवढंही गणित येईना?”

तोकुजी काका माझ्यापासून चार बाकं पुढे, एकटे बसले होते. सत्तरीच्या उंबरठ्यावरची मान, ताठ. त्यांनी मागे पाहिलं नाही.

समोरचा संघ शहरातला, आमच्या चौपट मुलांचा. तरी आमच्या पोरांनी त्यांना धरून ठेवलं. तिसऱ्या डावात इबुकीची पाळी आली. तीन चेंडूंवर तीनदा बॅट हुकून तो बाद झाला; असा फिरला की शेवटच्या वेळी डोक्यावरचं शिरस्त्राण उडून पडलं. समोरचे हसले. आमचे हसले नाहीत. पाचव्या डावात एक चेंडू उंच उडाला, उजवीकडे. मला तोकुजी काकांचे खांदे दिसत होते. ते वर गेले आणि वरच राहिले. इबुकी धावला, अडखळला, आणि चेंडू त्याच्या हातमोज्यात आला. पुष्कळ वेळाने ते खांदे खाली आले.

नवव्या डावात आम्ही तीन विरुद्ध दोन मागे होतो. दोघे बाद झाले. पाळी इबुकीची.

“आता तरी बदला!” मावशी ओरडली. “सर, हात जोडते, रेनला पाठवा!”

ओनिशी सरांनी बदललं नाही. इबुकीने दुसऱ्या चेंडूला बॅट लावली. नीट लागली नाही, चेंडू घरंगळत गेला, पण ते पाय होते; फेकणाऱ्याने घाईत उंच फेकला आणि इबुकी थेट दुसऱ्या बेसवर जाऊन पोटावर घसरला. उठला तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत मातीचा झाला होता. त्याच्या आईच्या हातात कॅमेरा होता, पण ती तो डोळ्याला लावायलाच विसरली.

पुढच्या फलंदाजाच्या जागी सरांनी रेनला पाठवलं. रेनने पहिलाच चेंडू डावीकडे फटकावला. जोरात मारलेला, म्हणून लवकर पोचणारा. डावीकडचा मुलगा चेंडूवर आलाच होता. तिसऱ्या बेसजवळ खुणा करायला उभ्या असलेल्या आमच्या मुलाने दोन्ही हात वर केले: थांब. सगळ्या मैदानाला ते हात दिसले.

इबुकी थांबला नाही. त्याने तिसरा बेस ओलांडला आणि ‘घरा’च्या बेसकडे पळत सुटला. चेंडू त्याच्या आधी पोचला, दोन पावलांनी, आणि तो बाद झाला. त्यात तोगिहामाचं नाव संपलं.

तोकुजी काका सबंध सामना जागेवरून हलले नव्हते. मुलं रांगेत उभी राहून आमच्याकडे वाकली तेव्हाही ते बसूनच होते. गाडीतळावर हात्सुए मावशीने त्यांना गाठलं. तोवर ओनिशी सरांनी विचारणाऱ्यांना खरं ते सांगून टाकलं होतं, सरळ माणूस.

“तोकुजीसान, तुम्ही सांगितलं होतं म्हणे.”

“हो.”

“रेन पहिल्यापासून असता तर जिंकलो असतो.”

“असतो.”

“बघा, कबूल करतात वर! शाळेचं नाव गेलं, माणूस हो म्हणतोय!” ती रडत होती. “त्या कात्सुमीचं ओझं उतरवायला तुम्ही अख्ख्या गावाचा सामना वापरलात.”

मावशी फाटक्या तोंडाची, पण तिचं हे बोलणं ऐकून आजूबाजूचे लोक दूर झाले. काकांनी शेजाऱ्यांच्या गाडीचं दार उघडून काकूंना आत बसवलं आणि स्वतः बसने निघून गेले.

ऑगस्टमध्ये मी गावी गेलो तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. काही लोक केस कापायला डोंगरापलीकडे जाऊ लागले होते. मी खुर्चीत बसलो. आरसा उघडा होता. काकू चहा ठेवून गेल्या आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, “तो येऊन गेला परवा. इबुकी.”

“केस कापायला?”

“नाही. वाढवतोय आता. नुसता आला होता.” त्यांनी काकांकडे पाहिलं. काका कंगवा पुसत होते. म्हणून त्याच सांगू लागल्या. “यांनी विचारलं त्याला, हात वर केलेले दिसले नाहीत का रे? तर म्हणतो, दिसले की. मग? म्हणे, मग काय, पळालो. पहिल्यांदाच कुणी थांब म्हणत होतं मला, काका, एरवी बसच म्हणायचे. आणि हसला. छान हसला हो. चहा घेतला, दोन वड्या खाल्ल्या. आणि दारात चपला घालताना म्हणतो, पण रोज स्वप्नात मी थांबतो. रोज. पुढचा मारतो, आणि आपण जिंकतो. मग जाग येते.”

काकूंनी चहाचा ट्रे उचलला. त्या आत गेल्या. पडद्याआडून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

तोकुजी काकांनी माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कानामागून कात्री चालवायला सुरुवात केली. बाहेर ऊन कलत होतं. टपालपेटीची सावली रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती. कात्री मध्येच थांबली. मी आरशात पाहिलं तर ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते. मला आरशात रस्ता दिसत होता, दोऱ्यांवरचे मासे दिसत होते. आणखी काही नाही.

माझा स्वभाव असं काही विचारण्याचा नाही. पण तेव्हा विचारलं गेलं.

“काका, तुम्ही यंदा उठून गेला नाहीत. पोराला विचारलंत, त्याला हवं ते मिळालं. आता तरी कात्सुमी दिसायचा थांबला का?”

“नाही,” ते म्हणाले. “तो उभाच असतो. आता दुसरा एक त्याच्या समोरून पळत जातो. मान हलवू नकोस.”